ओल्या चुली

वाहेद मुकादमानं सुपारी घेतली नाही, तेव्हाच भिवराबाईनं ओळखलं, काहीतरी बिनसलंय. आश्रुबांच्या ओट्यावर बसून वाहेदनं सुपारी नाकारली, असं आजवर कधी घडलं नव्हतं. उलट तो येताना दिसला की आश्रुबाच चंची मांडीखाली सारायचे, कारण एकदा ती त्याच्या हाती पडली की रिकामी झाल्याशिवाय तो काही उठत नसे. आज मात्र टोपी गुडघ्यावर ठेवून तो अंगणातल्या कोंबड्या बघत बसला होता.

दिवेलागणीची वेळ. घरातली सगळी माणसं एकेक करून अंगणात गोळा झाली. आश्रुबांचा थोरला मुलगा उत्तरेश्वर कापसाच्या जीनमधून नुकताच आला होता, हाताचं इंजनाचं तेल त्यानं अजून धुतलं नव्हतं. धाकटा शहादेव तिथंच कापसाच्या गठाणी दाबायच्या प्रेसवर असायचा, तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला. दोघांच्या बायका, ताराबाई आणि वत्सलाबाई, उंबऱ्याच्या आत. आणि मधल्या मुंजाजीची विधवा भिवराबाई पदर पुढं ओढून रांजणाच्या आडोशाला.

मुंजाजी तापात गेला, त्यानंतर वाहेदनंच तिला रेच्यावर लावून दिलं होतं. सरकी काढायच्या त्या यंत्राला दिवसभर कापूस भरवत राहायचं, एवढंच काम. बायका त्या कामाला शिव्या घालायच्या. रुईच्या धुळीनं छाती भरायची, कान बधिर व्हायचे. पण खरं सांगायचं तर भिवराबाईला ते काम आवडत होतं. घरात तिच्याकडं बघितलं की माणसांना मुंजाजीचं मरण आठवायचं. जीनमधल्या त्या धुळीत कुणाला काही आठवायला सवडच नसे.

"बोल की वाहेद," आश्रुबा म्हणाले. "तोंड आसं पाडून कावून बसलास?"

"चाचा, शेठचा हुकूम झाला. निम्मे रेचे उद्यापासून बंद. प्रेस चालली तर चालली."

"बंद?" शहादेव पुढं आला. "आरं, कापूस तर दारादारात पडून हाय!"

"पडून हाय म्हणूनच तर बंद, बे. जालन्याचा बेपारी गठाण उचलीना. कावून? तर मुंबईवाला घेईना. मुंबईवाला कावून घेईना? तर विलायतेत बाजार बसला. आता विलायत कुटं हाय ते मला इचारू नको. शेठचा मुनशी बोलला ते तुमाला सांगतो."

विलायत कुठं आहे हे अख्ख्या पेठ बीडमध्ये कुणालाच धड ठाऊक नव्हतं, पण तिथलं दुखणं मात्र बिंदुसरा नदी ओलांडून सगळ्यांच्या घरात शिरलं होतं. त्या साली सगळं स्वस्त झालं होतं. ज्वारी स्वस्त, गूळ स्वस्त, माणूस तर सगळ्यात स्वस्त. टांगेवाले घोडी विकून स्वतः ओझी वाहायला बघत होते आणि हमाल त्यांना अड्ड्यावर फिरकू देत नव्हते. पाण्यासाठी चामड्याच्या छागली शिवणारे कारागीर महिना महिना तीच छागल दारावर टांगून गिऱ्हाइकाची वाट बघत होते. जीनचा भोंगा तेवढा वाजत होता. तो वाजतोय तोवर आपलं बरं आहे, असं पेठेतली माणसं एकमेकांना सांगायची.

"मग आमच्यातलं कोण काढणार?" उत्तरेश्वरनं विचारलं.

"तसं न्हाई. एका घराला एकच माणूस ठेवायचा. मंग एका घरातले चार असू देत नायतर पाच. उद्या सकाळी भोंग्याच्या आधी बद्रीनाथ मुनशी गल्लीत फिरणार. ज्याला ठेवायचं त्याच्या भिंतीला चुन्याचं बोट ओढणार. बोट न्हाई त्याला फाटक बंद."

वाहेदनं टोपी डोक्यावर ठेवली. पायरी उतरता उतरता तो थांबला आणि कुणाकडंही न बघता म्हणाला, "मुनशी माणसं मोजणार न्हाई. चूल मोजणार हाय. एक चूल, एक घर." आणि मग भराभरा चालायला लागला, जणू काही तो बोललाच नव्हता.

उत्तरेश्वर हुशार माणूस. इंजनाचा नुसता आवाज ऐकून कुठं काय बिघडलंय ते ओळखायचा, त्याला एवढी खूण पुरेशी होती. वाहेद गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत तो म्हणाला, "तीन चुली घालू."

"काय म्हनलास?" आश्रुबांचा आवाज चढला.

"दाखवायला हो, आबा. सकाळच्यापुरत्या. मुनशी गेला की लाथ मारून पाडू."

"चूल काय लाथ मारायची वस्तू हाय, बे? तुझी माय त्या चुलीला हळदकुकू लावल्याबगर भाकर थापीत नव्हती. माझ्या डोळ्यांदेखत ह्या घराची चूल फुटायची न्हाई."

"घरात दाणा नसला तर चुलीला का चाटायचं हाय?"

हे उत्तरेश्वरनं बोलायला नको होतं. आश्रुबांनी त्याच्याकडं पाठ फिरवली. म्हाताऱ्यानं पाठ फिरवली की घरातल्या सगळ्यांचीच पाचावर धारण बसायची. मग ताराबाई लगबगीनं म्हणाली, "दाखवायचंच तर हाय की, मामा. मी आत्ता जाऊन माती आणते. आंधार पडायच्या आत घालून होतील."

ती इतक्या चटकन बोलली की भिवराबाईनं पदराआडून तिच्याकडं बघितलं. आपली स्वतःची चूल असावी ही ताराबाईच्या मनातली गोष्ट सगळ्यांना माहीत होती. आता देवानंच मुनशीच्या रूपानं तिला ती देऊ केली होती, आणि तिला चेहऱ्यावर काळजी कशी आणावी ते कळत नव्हतं.

वत्सलाबाई घरात सगळ्यात लहान, पण बोलायला मागं नव्हती. "तीन कावून पाहिजेत?" ती म्हणाली. "दोन पुरेत की. थोरल्यांची एक, आमची एक. उगं तिसरी घातली की मुनशीला वास येईल. अन् भिवराबाईंचं काय, धर्मापुरीला भाऊ हाय त्यांचा. मंदी हाय तवर ऱ्हातील तिकडं सुखानं."

सुखानं! मागच्या दिवाळीला भिवराबाई धर्मापुरीला गेली होती, तेव्हा भावजयीनं तिचं गाठोडं ओसरीवरून आत नेलं नव्हतं. परत निघेपर्यंत ते तिथंच होतं. तिनं ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती आणि आता सांगून उपयोग नव्हता. जीनमधलं काम गेलं तर त्या ओसरीशिवाय तिला दुसरी जागा नव्हती, हे तिला लख्ख दिसलं.

"आसं कसं?" ताराबाई तिच्या बाजूनं उभी राहिली. "तिची मजुरी येती म्हणून तर मीठमिरची निघती घरातली. तिची चूल पाहिजेच."

"मग तिची मजुरी तिच्या चुलीला," उत्तरेश्वर म्हणाला. "मुनशी म्हणंल, घर येगळं तर पैसा येगळा. चार महिने तरी तसं दाखवावं लागंल."

ताराबाईनं थोडा विचार केला. आजवर तिघांचीही मजुरी तिच्या हातात पडत आली होती. "आसं आसंल," ती सावकाश म्हणाली, "तर मंग वत्सला म्हणती ते काय खोटं न्हाई. भावाकडं माणूस जातंच की."

भिवराबाईला त्या क्षणी तिचा रागसुद्धा आला नाही. इतक्या उघडपणे कुणी फिरलं की माणूस नुसतं बघतच राहतं.

बोलला तो शहादेव. तो बोलेल असं कुणालाच वाटलं नव्हतं, त्याच्या बायकोला तर नाहीच. भिवराबाई लग्न होऊन या घरात आली तेव्हा तो चड्डी सांभाळत फिरणारं पोर होता आणि तिच्या हातचं खाऊनच वाढला होता. "वैनीचीबी चूल घाला," तो जमिनीकडं बघत म्हणाला. "न्हाईतर माझीबी नको."

वत्सलाबाईनं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं पुन्हा वर मान केली नाही.

उत्तरेश्वरनं तेलकट हात धोतराला पुसले. थोरला दीर भावजयीशी सरळ बोलत नाही, म्हणून तो ताराबाईला म्हणाला, "तिला म्हणावं, शेळीच्या छपरात चूल घाल. तीन चुली, तीन माणसं. तिघांतलं एक जरी ऱ्हायलं तरी घर तरंल."

आश्रुबा उठले. घोंगडी काखेला मारून ओट्याच्या कडेला गेले आणि तिथून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "घाला, किती घालायच्या तेवढ्या. फुटक्या चुलीवरचं मी खाणार न्हाई." आणि भिंतीकडं तोंड करून पडले. त्या रात्री त्यांच्यासमोर ताट ठेवायची कुणाची हिंमत झाली नाही.

तिघी जावा टोपल्या घेऊन नदीवर गेल्या, तर तिथं ही गर्दी! उजेड जेमतेम उरला होता आणि सगळी पेठ काठावर चिखल उकरत होती. जो तो दुसऱ्याला सांगत होता की भिंत सारवायची आहे, ओटा खचलाय, रांजणाखाली बूड करायचंय. शेजारच्या रहिमाबीनं तर दोन सुनांच्या डोक्यावर टोपल्या देऊन तिसरी स्वतः घेतली होती. तिची तिन्ही पोरं जीनमध्ये सरकी वाहायची.

"सारवायला का, खाला?" भिवराबाईनं विचारलं.

"हाँ, सारवायला," रहिमाबी म्हणाली, आणि मग तिला हसू आवरेना. "तेरे जेठनं जी अक्कल चलवली, तीच माझ्या थोरल्यानं. वाहेद सगळ्यांच्याच पायरीवर बोलला म्हन."

त्यावर भिवराबाईही हसली. हसता हसता तिला भीतीही वाटली. ही युक्ती सगळ्यांना सुचली असेल तर मुनशीला कळायला किती वेळ लागणार? पण हातातली माती टाकून देऊन परत फिरायचं म्हटलं तर कुठं फिरणार होती ती? तिनं टोपली काठोकाठ भरली.

सकाळी पेठेत इतका धूर झाला की समोरच्या घराचा कूड दिसेना. ओल्या चुली धुमसत होत्या. बायका डोळे पुसत होत्या, म्हातारी माणसं खोकत होती आणि बद्रीनाथ मुनशी नाकाला रुमाल लावून एकेका अंगणात शिरत होता. त्याच्या एका हातात नारळाची करवंटी होती आणि तिच्यात कालवलेला चुना. मागून वाहेद मान खाली घालून चालत होता.

"आश्रुबा!" मुनशी अंगणात येत म्हणाला. "तुमच्याकडंबी फुटलं का घर? आख्ख्या पेठेत एका रातीत फुटाफूट झाली म्हणायची. भावाभावात एवढी भांडणं मी उभ्या जन्मात पाह्यली न्हाईत. बरं, आरडाओरडा कुठंच ऐकू आला न्हाई!"

आश्रुबा ओट्यावर बसून होते.

मुनशीनं आधी ताराबाईच्या चुलीत बोट खुपसलं. घराची जुनीच चूल दोन दगड पुढं सरकवून नव्यानं लिंपलेली होती. बोटाला चिखल लागला. मग वत्सलाबाईची. मग तो वाकून शेळीच्या छपरात शिरला. भिवराबाई मागं सरकली. तिच्या चुलीचा एक कान रात्रीतूनच चिरला होता आणि तव्यावरची भाकरी एकीकडून करपून दुसरीकडून कच्ची होती.

"ओली," मुनशी म्हणाला. आता त्याच्या आवाजातली थट्टा गेली होती. "मी का येडा वाटलो तुमाला? शेठला काय सांगू? पेठेत काल होती त्याच्या तिप्पट घरं झाली? तिकडं गठाणी उन्हात पिवळ्या पडायल्यात, शेठला झोप न्हाई, अन् तुमी मला चिखलाची चूल दाखवता?"

"मुनशीजी," उत्तरेश्वर हात जोडून पुढं झाला, "आमचं लई दिवसांपासून चाललंच होतं येगळं व्हायचं..."

"हां. चाललं होतं." मुनशीनं करवंटी दुसऱ्या हातात घेतली. "ऐका. शेजारच्या रहिमाबीच्या घरी मी एकच इचारलं. म्हातारी कुठं जेवती? जिथं ती जेवती ते घर, बाकी चिखल. तिथं बोट ओढलं अन् पुढं आलो. तुमच्याकडं म्हातारा हाय. आश्रुबा कुणाच्या चुलीवर जेवतात?"

"बापाच्या पाळ्या लावल्यात," उत्तरेश्वर घाईनं म्हणाला. "एक महिना माझ्याकडं, एक महिना धाकट्याकडं."

"आज कुणाची पाळी?"

"माझी," उत्तरेश्वर म्हणाला.

"माझी," शहादेवही त्याच क्षणी म्हणाला.

दोघा भावांनी एकमेकांकडं बघितलं. काल रात्रीपर्यंत एका ताटात जेवलेले ते दोघं, आणि आता त्यांना एकमेकांचे डोळे सहन होईनात. वाहेदनं तोंड फिरवलं. मुनशी मात्र कंटाळून हसला.

"मग आत्ताच जेवू द्या त्यांना. माझ्यासमोर. आश्रुबा, बसा."

ताराबाई आत पळाली ती भाकरी आणि पिठल्याचं ताट घेऊनच आली. तिचं ताट खाली टेकतंय तोवर वत्सलाबाईनंही आणलं. तिनं भाकरीवर गूळ ठेवला होता, आणि गुळावर तूप. ते तूप तिनं कुठं लपवून ठेवलं होतं देव जाणे. ओट्यासमोर दोन ताटं शेजारी शेजारी पडली.

"मामा, रातीपासून उपाशी हायत तुमी, बसा की," ताराबाई म्हणाली.

"आबा, इकडं," शहादेवनं ताट पुढं सरकवलं.

"आबा," उत्तरेश्वर म्हणाला, आणि त्यात विनवणी होती की धमकी ते भिवराबाईला कळलं नाही. "मी थोरला हाय."

आश्रुबांनी दोन्ही ताटांकडं बघितलं. भिवराबाईनं ताट आणलं नव्हतं. तिच्या भाकरीचं ताट आणण्यासारखं काही नव्हतं आणि आणायची तिची छातीही झाली नव्हती. पण तिच्या मनात काय चाललं होतं ते तिचं तिला माहीत. मामा, इकडं या, इकडं या, असं ती आतल्या आत म्हणत होती, आणि आपण दोन्ही दिरांच्या तोंडचा घास मागतोय हे कळूनही ती थांबत नव्हती.

म्हातारा उठला. ताटांना वळसा घालून अंगण ओलांडून आला आणि शेळीच्या छपरात तिच्या चुलीसमोर मांडी घालून बसला.

"वाढ, पोरी."

"मामा, कच्ची हाय."

"आसू दे."

ती नाही म्हणू शकली असती. तेवढा वेळ होता. दाराशी थोरला दीर उभा होता, ज्याच्या आधारानं ती या घरात राहिली होती, आणि धाकटा, जो काल तिच्यासाठी बायकोच्या विरोधात बोलला होता. 'मामा, दादांच्या ताटावर जावा,' एवढं म्हटलं असतं तर ती चांगली ठरली असती. तिनं तव्यावरची भाकरी काढली, वर मिरचीचा ठेचा ठेवला आणि त्यांच्या हातावर दिली. आश्रुबांनी तुकडा मोडून तोंडात घातला. तिला आनंद झाला. इतका झाला की तिची तिलाच लाज वाटली.

"आश्रुबा," मुनशी अडखळला, "ती बाईमाणूस हाय. एकट्या बाईच्या चुलीला घर कसं म्हणू मी?"

"मी बसलोय की. मी गडी दिसत न्हाई का तुमाला?"

"तसं न्हाई, पर..."

"मुनशीजी," वाहेद सकाळपासून पहिल्यांदाच बोलला, "तुमी जबान दिली. म्हातारा जिथं, बोट तिथं. आख्ख्या गल्लीनं ऐकलंय."

मुनशीनं चुन्यात बोट बुडवलं आणि छपराच्या कुडावर एक रेघ ओढली. शेणानं सारवलेल्या कुडावर तो पांढरा ओघळ खाली उतरत गेला. मग तो वाहेदला घेऊन पुढच्या घरात गेला, आणि अंगणात नुसता धूर राहिला.

"आबा, हे काय करून ठिवलं?" उत्तरेश्वर ओरडला. "सारं इंजन माझ्या हातावर चालतं! बाईमाणसाच्या मजुरीत घर चालंल का? तुमाला कळतंय का काई?"

आश्रुबा चावत होते. दात कमी, भाकरी कच्ची, त्यांना वेळ लागला. "कळतंय," ते म्हणाले. "राती मी झोपलो नव्हतो, बे. कान उघडे होते माझे. तुमाला पाय हायत. परळीला रेल्वेचा मालधक्का हाय, घाटनांदूरला टेसन झालं, कुटंबी उभं ऱ्हाताल. गड्याला कुणी इचारीत न्हाई, कुठून आलास म्हणून. हिला कुठं धाडीत होता तुमी? सांगा ना, कुठं?"

वत्सलाबाईनं आपलं ताट उचललं. गुळावरच्या तुपाला मुंग्या लागायला लागल्या होत्या.

भोंगा वाजला. भिवराबाई जागची हलली नाही. बाहेर जायचं तर उत्तरेश्वरच्या समोरून जावं लागणार होतं. तो दारातच उभा होता. मग बाजूला झाला आणि लग्न होऊन ती या घरात आल्यापासून पहिल्यांदाच तिच्याशी सरळ बोलला.

"जा. फाटक लावून घेतील."

जीनमध्ये त्या दिवशी निम्म्या रेच्यांवर पोती टाकून ठेवली होती. उरलेल्यांवर बायका एकमेकींकडं न बघता कापूस घालत होत्या. फाटकाबाहेर बोट न मिळालेली माणसं उन्हात उकिडवी बसून होती. त्यांत रहिमाबीची दोन पोरं होती. दुपारी पाणी प्यायला भिवराबाई बाहेर आली तेव्हा त्यांनी तिला सलाम केला, नेहमीसारखाच, आणि ती पाणी न पिताच आत वळली. वाहेद जवळून जाता जाता म्हणाला, "किती दिवस चालंल ते मलाबी ठाव न्हाई, भिवराबाई. हात थांबवू नका. मुनशी तुमच्याकडंच बघतोय."

तिनं हात थांबवले नाहीत. पण डोकं मात्र दुसरीकडंच पळत होतं. आजवर तिनं कधी विचार केला नव्हता की डब्यात पीठ किती आहे. ते ताराबाईचं काम. आता कापसाच्या प्रत्येक ओंजळीबरोबर तिच्या मनात खाणारी तोंडं येत होती. मामा, ताराआक्का, वत्सला, दोघं भाऊ आणि आपण. एकट्या बाईची मजुरी ती. कुणी कमी खाऊन भागेल? कुणाला कुठं ठेवता येईल? असा विचार करणं बरं नव्हे हे तिला समजत होतं, तरी संध्याकाळपर्यंत तो काही सुटला नाही.

घरी आली तेव्हा अंगण झाडलेलं होतं. ताराबाईनं नवा लिंपलेला चिखल खरवडून काढला होता, आपल्याच हातानं. वत्सलाबाईची चूल दुपारीच बसली म्हणे, वाळण्याआधीच. शेळीच्या छपरातली तेवढी पेटलेली होती आणि ताराबाई तिच्यापुढं परात घेऊन बसली होती. आश्रुबा ओट्यावर होते.

"दोघंबी परळीला गेले," ताराबाई म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "जेवले न्हाईत. कुणाशी बोललेबी न्हाईत. दुपारच्या बैलगाडीनं गेले." मग तिनं पिठाच्या डब्यावरचा हात काढून घेतला. "भिवरा, किती भाकरी टाकू?"

चार वर्षांनी मोठी जाऊ तिला विचारत होती. भिवराबाईला वाटलं, म्हणावं, आक्का, इचारता कशाला, घर तुमचंच हाय. येताना रस्त्यानं तिनं हे वाक्य मनात घोकलंसुद्धा होतं. पण डबा बघितल्यावर ते निघेना. तिनं परात आपल्याकडं ओढली, पीठ स्वतः घेतलं आणि बसली थापायला. ताराबाई निमूटपणे जळण पुढं सारत राहिली.

पहिली भाकरी आश्रुबांना गेली. ते छपरात येऊन बसले, सकाळच्या त्या कच्च्या भाकरीनंतर पोटात काही नसल्यानं भराभरा जेवायला लागले. वत्सलाबाई दाराशी उभी होती. आत यायचं की नाही ते तिला ठरवता येत नव्हतं. इतकी गप्प तिला या घरात कुणी कधी पाहिली नव्हती. ती अजून लहानच होती, खरं तर. शहादेव गेल्यावर तिच्या बाजूनं बोलणारं इथं कुणी उरलं नव्हतं.

भिवराबाईला तिची कीव आली. ये, बस जेवायला, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं.

"वत्सला," ती म्हणाली, "घाटनांदूरला जाऊन ऱ्हातीस का थोडे दिवस, तुझ्या मायजवळ?"

वत्सलाबाई दाराशीच एक पाऊल मागं सरली. आश्रुबांचा घास हातातच राहिला. त्यांनी मान वर करून आपल्या मधल्या सुनेकडं बघितलं, आणि बघतच राहिले.

भिवराबाईनं त्यांच्याकडं बघितलं नाही. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती, ती तिनं उलटली.